फुलपाखरू लावलेली गाडी

बत्तीस वर्षं मी कारखान्यात आपल्या देशी गाडीला दारं बसवली. आता डोळे साथ देईनात म्हणून स्वतःची गाडी विकायला काढली, तर जुन्या गाड्यांच्या डीलरनं तिची किंमत शेजारच्या तेवढ्याच जुन्या परदेशी गाडीच्या निम्मी सांगितली. माझं डोकंच फिरलं.

“दार लावून बघा, आवाज ऐका! काय खोट आहे हिच्यात?”

“गाडीत खोट नाही, काका. पण तुमच्या कारखान्यातलेच लोक कामगार-सवलतीत नवी गाडी घेतात आणि वर्ष झालं की ती इथे विकून परदेशी गाडी घेऊन जातात. बनवणाऱ्यांनाच नको असलेल्या गाडीला गिऱ्हाईक कशाला भाव देईल?”

“सगळेच तसले नसतात! माझा मुलगाही तिथेच आहे. वर्षभर जिवापाड जपतोय त्याच्या नव्या गाडीला. कालच सर्व्हिसिंगला टाकलीय त्यानं.”

“कालही एक आली की,” म्हणत त्यानं कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट दाखवलं.



तिच्या मागच्या काचेवर माझ्या नातीनं चिकटवलेलं फुलपाखरू अजून तसंच होतं.