काष्टीतले हवाईयन भाषादूत

"स्क्रीन जरा वर घ्या, माझा फेटा कापला जातोय," आदिनाथ सर म्हणाले. काष्टीच्या समाजमंदिरात रविवारी सकाळी नऊलाच साठेक माणसं जमली होती. बाहेर सोळा फुटी फ्लेक्स लागला होता : 'हवाईयन भाषेचे भारतातील पहिले भाषादूत.' या पहिल्या भाषादूताची परीक्षा अजून व्हायचीच होती. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सत्कार आधी ठरला आणि परीक्षा त्यात बसवली.

सर ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोबाईलवर कळलं, की पार प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटं आहेत, तिथली भाषा मरायला टेकली होती आणि आता लोक ती इंटरनेटवरून जगवतायत. ऑनलाइन शब्दकोश आहेत, जुनी वर्तमानपत्रं आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातल्या गोष्टी आहेत, शिकायला ॲप आहे. सरांना भरून आलं. त्यांनी ॲप उतरवलं आणि एकही दिवस न चुकवता सातशे दिवस योग्य पर्यायावर बोट ठेवलं. एवढ्या लांबच्या भाषेचं दुःख व्हायलाही मोठं मन लागतं.

पुढं प्रमाणपत्रासाठी त्यांनी एक ऑनलाइन शाळा धरली. तिची अट विचित्र होती. शिकणाऱ्यानं घरातलं एक माणूस सोबत घ्यायचं, कारण घरात बोलली तरच भाषा जगते. सरांनी बायकोचं नाव घातलं. रोहिणी पाथर्डीकडची, बारावी झालेली. ती चार वाक्यं बोलली, की त्यातली सहा सर दुरुस्त करत. लग्नाला अकरा वर्षं झाली, तशी ती बोलायचीच कमी झाली होती. सर याला प्रगती म्हणत. आज पाहुण्यांसमोर फक्त हात जोडायचे, तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी तिला घरूनच बजावून आणलं होतं. परीक्षा म्हणजे पडद्यावरच्या बाईंशी पाच मिनिटं हवाईयनमधून गप्पा. जमल्या तर प्रमाणपत्र, नाहीतर सोळा फूट फ्लेक्स गुंडाळून घरी न्यायचा.

"तिथल्या लेकरांना," सर माईकवर सांगू लागले, "शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून शिक्षा व्हायची. आईबापांनी धसका घेतला. त्यांनी घरातसुद्धा बोलणं सोडलं. घरंच्या घरं मुकी झाली!"

"लई वंगाळ केलं की!" चहाचे कप मांडता मांडता रोहिणीच्या तोंडून निघून गेलं.

"'फार वाईट'," सर माईकवरच म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात पडद्यावर सत्तरीच्या एक बाई आल्या. तिकडे अजून शनिवारची संध्याकाळ होती. "अलोहा!" सर गरजले. टाळ्या पडल्या. बाईंनी काहीतरी विचारलं. "महालो," म्हणजे आभारी आहे, असं सर म्हणाले. पुन्हा टाळ्या. बाईंनी तोच प्रश्न सावकाश विचारला. चार पर्याय न देणारा प्रश्न सरांना पहिल्यांदाच भेटत होता. फेट्याखालून घाम ओघळला. मग बाईंनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या घरचं माणूस कुठंय? ती कामात आहे, असं सर सांगू लागले. पण सरपंच आप्पासाहेबांना सत्काराची शाल परत न्यायची नव्हती.

"सूनबाई, या बरं हिकडं," ते म्हणाले.

रोहिणी पदराला हात पुसत आली. बाईंनी तिला नावानं हाक मारली. सरांनी कंटाळून सोडलेला शाळेचा तोंडी सराव गेलं वर्षभर तीच करत होती, सर कॉलेजला गेले की, याच बाईंबरोबर. सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि ती आपणहून काही बोलत नव्हती.

आता मात्र ती बोलली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती हातवारे करत, हसत, मध्येच रुसल्यासारखं करत बोलत राहिली. गावात नांदायला आल्यापासून तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर बघून बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं, रोहिणीनं उत्तर दिलं, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. सर सगळं समजल्यासारखी मान डोलवत होते.

बाईंनी इंग्रजीत निकाल सांगितला. घर पास. प्रमाणपत्र रोहिणीच्या नावे.

आप्पासाहेब शाल हातात धरून एकदा फेट्याकडे, एकदा सूनबाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेवटी काय इचारलं ओ बाईंनी? तुमी दोगी लईच हासला."

"त्यांनी गुरूचं नाव विचारलं," सर घाईनं म्हणाले. "हिनं माझं सांगितलं."

रोहिणीनं त्यांच्या हातातला माईक काढून घेतला.

"तसं न्हाई आप्पा," ती म्हणाली. "बाई म्हनल्या, एवढं भडाभडा बोलाया कुठं शिकलीस गं? मी म्हनलं, दुसरीकडं कुठं बोलू? माजी चूक ह्यांना काडता येत न्हाई, आशी हीच एक भाषा हाय."