वरून मीठ

सून लॅपटॉपवर वैतागली होती. "आई, तिसरी वेळ! डेटा आणखी दाबून पाठवायचं कॉम्प्रेशन चालू केलं की साइट पळते. सर्व्हरचा कंटेनर, म्हणजे साइट ज्यात चालते तो डबा, रीस्टार्ट झाला की नव्याने बनतो आणि पुन्हा जैसे थे!"

"तो कंटेनर बनतो कशावरून?"

"एका फाइलवरून. कृती लिहिलेली असते ना, तसं."

"मग बदल त्या कृतीत कर की! तुझे सासरे बघ, तीस वर्षं ताटात वरून मीठ घेतात, मला मात्र एका शब्दाने सांगत नाहीत."

सुनेने फाइल बदलली. सासूबाईंनी भाजीत मीठ वाढवलं.

दुपारी रीस्टार्टनंतरही साइट सुसाट होती. सासऱ्यांनी मात्र सवयीने, न चाखताच वरून मीठ घेतलं आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आता जरा यांनाही रीस्टार्ट कर."