अस्वलाने पोचवलेली थाळी

थाळी भरलेली गेली होती आणि परतही भरलेलीच आली. ग्रंथपाल बाईंनी चष्मा नीट बसवून पुन्हा पाहिलं. निळ्या काठाची, एका बाजूने टवका उडालेली, म्हणजे त्यांचीच थाळी. पण सकाळी तिच्यात घातलेली बिस्किटं आणि द्राक्षं नव्हती. त्या जागी संत्री आणि भाजलेले बदाम होते.

“गणिताच्या सरांनी दिलीय,” अस्वल म्हणालं.

अस्वल म्हणजे शाळेचे व्यायामशिक्षक. आज पुरीम होता. एस्तेर राणीने आपण ज्यू आहोत हे लपवून ठेवलं आणि वेळ येताच ते उघड करून आपल्या लोकांचा जीव वाचवला, त्याचा हा सण. म्हणून या दिवशी शाळेत लहानथोर सगळेच सोंगं घेत. सकाळी राणीची गोष्ट वाचली जाई आणि त्या लोकांच्या जिवावर उठलेल्या दुष्ट हामानचं नाव आलं की पोरं पाय आपटून, खुळखुळे वाजवून कान किटवत. मग एकमेकांना खाऊ पाठवायचा. निदान दोन जिन्नस, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या हातून.

“सरांनी?” बाई ताडकन उठल्या. “अहो, मी ती मुख्याध्यापिकांसाठी दिली होती!”

अस्वलाने डोकं काढून काखेत धरलं. आतला चेहरा घामाने निथळत होता. “बाई, याला डोळ्यांच्या जागी गुंड्या शिवल्यात. मला कप्पाळ दिसतंय! मुख्याध्यापिकांच्या दारात कुणीतरी उभं होतं, दिली हातात आणि पळालो. मगाशी सरांनी बोलावून ही भरलेली थाळी दिली, तेव्हा कळलं.”

बाई मटकन खाली बसल्या. साऱ्या शाळेत त्यांचा एकाच माणसाशी अबोला होता, आणि थाळी नेमकी त्याच्याच हातात पडली होती.

दोन वर्षांपूर्वी सरांनी संगणकांसाठी ग्रंथालयातली खिडकीजवळची जागा मागितली. पुस्तकं काय, अंधारातही राहतात, असं ते सगळ्यांदेखत बोलले. तुमच्यासारखी माणसंसुद्धा राहतात, असं बाईंनी तिथल्या तिथे सुनावलं. झालं. त्याआधी रोज मधल्या सुट्टीत दोघं थर्मासमधला चहा पीत, पुस्तकांवरून तावातावाने भांडत. त्या भांडणांची बाईंना इतकी सवय झाली होती की आता सुट्टीत काय करावं ते सुचत नसे. आणि हे सत्र संपलं की सर निवृत्त होणार होते.

दर पुरीमला बाई मुलांना बजावत, “ज्याच्याशी कट्टी आहे, त्याला आधी पाठवायचं. मित्राला काय, कुणीही पाठवतं!” मुलं बिचारी ऐकत. त्यांच्या कट्ट्या बाईंच्या डोळ्यांदेखत सुटत. बाईंची स्वतःची थाळी मात्र मुकाट्याने मुख्याध्यापिकांकडे जाई.

‘गैरसमज नको. स्पष्ट सांगून मोकळं व्हावं,’ असं ठरवून बाई निघाल्या. व्हरांड्यात दोन समुद्री चाचे एका परीला संत्रं सोलून देत होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

सर वर्गात एकटेच होते. डोक्यावर कागदी मुकुट तिरका बसला होता. बाईंचं तिकोनी बिस्कीट त्यांनी चहात बुडवून धरलं होतं. या बिस्किटांना हामानचे कान म्हणतात, आणि बाईंच्या हातचे कान कुणाचं ऐकत नाहीत अशी शाळेत थट्टा चाले. ते मऊ कसे करायचे हे फक्त सरांना ठाऊक होतं.

बाईंना पाहून सर गडबडीने उठले.

“बाई,” सर म्हणाले, “मला वाटलं होतं, मी तसाच जाणार या शाळेतून. कितीदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरलो. माझ्याच्याने झालं नसतं. बरं झालं, तुम्ही पाठवलीत.”

‘चूक झाली’ हे शब्द बाईंच्या ओठांवर होते. त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शब्द गिळून टाकले. छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

“अजून थोडं बुडवा,” त्या म्हणाल्या. “या वेळी पीठ जरा घट्ट झालं.”

“दर वेळीच होतं.”

बाईंना खुदकन हसू आलं. “उद्या थर्मास आणते.”

“पण खिडकीजवळ आता जागा कुठेय?”

“मग अंधारात बसू. राहतात आपल्यासारखी माणसं!”

सर इतके हसले की मुकुट चहात पडता पडता वाचला. बाई निघाल्या. मन थोडं खात होतं. थाळी त्यांनी पाठवली नव्हती, आणि तरी शाबासकी मात्र पदरात पाडून घेतली होती. असू दे, सणाला सगळेच सोंग घेतात, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत काढली. मुख्याध्यापिकांसाठी दुसरी थाळी गुपचूप भरायला हवी होती. सरांना कळता कामा नये.

त्या दारापाशी पोचल्या तोच मागून सरांचा आवाज आला.

“आणि हो, त्या अस्वलाला माझे आभार सांगा. मला आजवर कुणी इतक्या अदबीने ‘मुख्याध्यापिका बाई’ म्हटलं नव्हतं.”