गाउनच्या नाड्या

फळ्यावरच्या आजच्या शस्त्रक्रियांच्या यादीतून तिनं सरांचं नाव पुसलं, तेव्हा ते दारातच उभे होते.

"विभागप्रमुख होऊन आठवडा नाही झाला, आणि पहिला बळी माझाच का गं?" सर हसत म्हणाले. बारा वर्षं त्यांनीच तिला घडवलं होतं, टाका घालण्यापासून ते नाही म्हणण्याच्या धारिष्ट्यापर्यंत.

तिला हसू आलं नाही. "सर, सोमवारी तुमचा हात थरथरत होता. सगळ्यांनी पाहिलं. कुणी बोललं नाही."

"तू बोललीस." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हणजे निवड चुकली नाही माझी. पण पोरी, चाळीस वर्षं ह्या हातांनीच जगलो. आता घरी नेऊन काय करू ह्यांचं?"

डस्टर ठेवून ती शस्त्रक्रियागृहाकडे निघाली; सरही मागोमाग आले.

हात धुऊन तिनं गाउन चढवला. पाठीमागच्या नाड्या बांधायला नर्स पुढे झाली, तर सर म्हणाले, "थांब, आज मी बांधतो."

गाठ काही बसेना. सगळे थांबले होते. त्यांची बोटं तिच्या पाठीवर चुकत होती, पुन्हा शोधत होती. निर्जंतुक हातमोजे घातलेले तिचे हात छातीशी जोडलेले होते. डोळे पुसायलाही मोकळे नव्हते.