बिनगळतीची तार

१९८७ साल. विजेला जराही अडवत नाहीत अशा अतिवाहक तारांनी केदारे सरांना पार झपाटलं होतं. पण नाशकातल्या त्यांच्या व्याख्यानाला जेमतेम चार टाळकी आली आणि त्यातली दोन पेंगली. चांदवडला मात्र शाळेचा हॉल शेतकऱ्यांनी खच्चून भरला, तेव्हा सरांना गगन ठेंगणं झालं. विज्ञानाची खरी कदर खेड्यातच आहे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

गुरांच्या डॉक्टरांकडून सकाळीच मागून आणलेला द्रव नायट्रोजनचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यातला वाफाळता, अतिथंड द्रव ओतून एक काळी चकती गारठवली आणि तिच्यावर इवलासा लोहचुंबक चक्क अधांतरी तरंगवून दाखवला.

"अशा पदार्थाच्या तारा गारठवून ठेवल्या, की एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली वीज वाटेत जराही वाया न जाता तुमच्या दारात!" सर गरजले.

कुणी जांभई दिली नाही, कुणी तंबाखू मळायलाही उठलं नाही. सगळ्यांचे डोळे त्या डब्यावर खिळले होते.

"कुणाला काही विचारायचंय?" सरांनी अभिमानाने विचारलं.

पहिल्या रांगेतला सहादू हात जोडून उठला.



"तारेचं लय भारी हाय, सर. पण आता तो डबा सोडा. त्यात वळूचं बीज हाय, अन् आमच्या माजावर आलेल्या गायी सकाळपासून बाहेर खोळंबल्यात!"