वेळ मिळाला तर बघा

“रिपोर्ट सकाळी आठलाच गेलाय, ताई,” लॅबमधली मुलगी फोनवर म्हणाली. “पेशंटनी दिलेल्या नंबरवर. लिंक आहे. दाबली की उघडतो.”

इकडे दुकानात फोन ऐकणाऱ्या तिच्या हातातला चष्मा हातातच राहिला. चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं तिचं काम. हात थरथरून चालत नाही. आज सकाळपासून ती एकच चष्मा घेऊन बसली होती आणि त्याचा मोहरीएवढा स्क्रू तीनदा जमिनीवर पडून हरवला होता. लॅबच्या काउंटरवर तिने नंबर स्वतःचा दिला होता, तोही बजावून. पण आत नर्सने पुन्हा विचारला असणार आणि बाबांनी आपला सांगून टाकला असणार. कुणी विचारलं की सांगायचं, हा त्यांचा स्वभाव.

म्हणजे बाबांनी रिपोर्ट एकट्याने वाचला होता. त्यांच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला देऊन दहा दिवस झाले होते. या दहा दिवसांत घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. “साधी चरबीची गाठ आहे, बाबा,” तिने सांगितलं होतं. “नियम म्हणून तपासतात.” त्यांनी मान डोलावली होती आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

मोबाइल ही बाबांची निवृत्तीनंतरची नोकरी. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आता जगभरातल्या चमत्कारिक गोष्टी हुडकून घरच्या ग्रुपवर टाकायच्या. रस्त्यात सापडलेले डाव्या हाताचेच हातमोजे जमवणारा माणूस. मोडक्या छत्र्यांचं संग्रहालय. रोज सरकत्या जिन्याने वर जाणारी आणि साध्या जिन्याने खाली येणारी शेळी. प्रत्येक लिंकखाली तीच ओळ, ‘वेळ मिळाला तर बघा. गंमत आहे.’ वेळ कुणालाच मिळत नसे. तिने ग्रुपचा आवाज बंद केला त्याला वर्ष झालं होतं. परगावी राहणारा दादा तिच्याहून हुशार. तो एकही लिंक न उघडता प्रत्येकीखाली अंगठा दाखवायचा आणि गुणी मुलगा म्हणून मिरवायचा.

त्यात या दहा दिवसांत बाबांना ऊत आला होता. दिवसाकाठी एक यायची तिथे पाच-पाच, सहा-सहा लिंका येत होत्या. इथे आपल्याला घास उतरत नाही आणि यांना शेळ्या सुचतायत, असं मनात येऊन ती चिडलीही होती.

तिने बाबांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला, तरी तेच. तेवढ्यात दादाचा आला, आज चौथ्यांदा.

“आला का गं रिपोर्ट?” त्याचा आवाज पार बसला होता.

“बाबांच्याच फोनवर गेलाय. ते फोन उचलत नाहीत. मी घरी निघाले,” ती म्हणाली आणि मालकांना काय सांगितलं हेही तिला पुढे आठवलं नाही.

दार बाबांनीच उघडलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मिक्सर खोलून ठेवला होता. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. चेहरा मात्र फुगलेला होता. तो पाहून ती चपलांसकट आत आली.

“बाबा, तो रिपोर्ट...”

“आता आठवण झाली?” ते म्हणाले. “सकाळीच टाकलाय ग्रुपवर. एकट्या दादाने अंगठा दाखवला. बाकी कुणाचा शब्द नाही. मला वाटलं, निराशा झाली की काय तुमची.”

तिने ग्रुप उघडला. वर छत्र्या होत्या, खाली शेळी होती आणि दोन्हींच्या मध्ये एक निळी ओळ होती, लॅबच्या नावाची. तिच्याखाली लिहिलं होतं, ‘वेळ मिळाला तर बघा. गंमत आहे.’ आणि त्याखाली दादाचा अंगठा, आठ वाजून वीस मिनिटांचा. तिचं बोट पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर पडलं. पानभर न समजणारे शब्द आणि शेवटी एक समजणारी ओळ. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

तिने ती ओळ दोनदा वाचली आणि मटकन खुर्चीत बसली. रडू येतंय की हसू, हे तिचं तिलाच कळेना. आधी तिने दादाला लिहिलं, ‘सकाळी ज्याला अंगठा दाखवलास, ते आता उघड.’

“अहो, पण मला एक फोन नाही का करायचा?” ती डोळे पुसत म्हणाली.

“कामावर?” बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “साध्या चरबीच्या गाठीसाठी?”

बाबा मिक्सरचं झाकण उगाच फिरवत राहिले.

“मला काय कळत नव्हतं?” ते म्हणाले. “तुझं तोंड एवढंसं झालं होतं. विचारलं असतं तर रडली असतीस. म्हटलं, त्यापेक्षा रोज जरा जास्त गमती पाठवू. हसलीस ना एखादीला तरी?”

“खूप,” ती म्हणाली. मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली आणि दहा दिवसांपूर्वीच्या पहिल्या लिंकवर बोट ठेवलं.