एकशेएकावा शब्द

चेतनाने ‘पान लागलं’ असं टाइप केलं आणि ‘शोधा’वर क्लिक केलं.

तीन उत्तरं आली. स्तनपान. धूम्रपान. मद्यपान.

“वा! एक मागितलं, तीन मिळाली,” सूरज म्हणाला. त्याला हसू आवरेना. “पान लागलं म्हणजे काय हो मॅडम? चुना जास्त झाला असेल. द्या सोडून.”

सूरज पुण्याचा. गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी कॉम्प्युटरवरची ही ‘मदत’ त्यानेच तयार केली होती. रोग्याची तक्रार टाइप करायची, की उपाय समोर हजर. डॉक्टरांनी दिलेल्या यादीतले शंभरच्या शंभर शब्द सकाळपासून तपासून झाले होते. ताप, जुलाब, सर्पदंश, सगळं बरोब्बर सापडत होतं. उद्या ही मदत डिंभ्यापासून आहुप्यापर्यंतच्या दहा गावांत जायची होती. त्याला साडेचारची पुण्याची एसटी गाठायची होती. आणि ही बाई एकशेएकावा शब्द धरून अडून बसलेली. आता बोला!

चेतना म्हणजे घोडेगावच्या पेठेतल्या रमणलाल शेटजींची लेक. इथल्या दवाखान्यात नोकरीला लागून तिला आठ वर्षं झाली होती; आता तपासणीचं काम तिच्याकडे होतं. एरवी बोलण्यात कुणाला हार जायची नाही. आज मात्र तिचा चेहरा पार उतरलेला होता. गावातलं एक तरी माणूस तपासणीला हवं, असा हट्ट तिनेच धरला होता. डिंभ्याच्या गोजरबाईला ती स्वतः जाऊन घेऊन आली होती. एसटीत दोघी शेजारी बसल्या होत्या. वाटभर चेतनाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“मावशी, तुम्हीच सांगा यांना,” ती आता म्हणाली. “पान लागलं म्हणजे काय?”

गोजरबाई खुर्चीच्या टोकावर अवघडून बसली होती. तिने पदर सारखा केला.

“जनावर चावलं की आमी तसं म्हणतो. लांबडं. त्याचं नाव नाय घ्यायचं, घेतलं की येतंय. म्हणून पान लागलं म्हणायचं.”

सूरजचं हसू मावळलं. “साप?”

“नाव नको घिऊ रं बाबा!” गोजरबाई दचकली. मग तिचा आवाज बसला. “माझ्या सोपानला भाताच्या खाचरात लागलं व्हतं. सात वर्सं झाली. धाकट्या दिरानं पळत जाऊन दवाखान्यात फोन लावला. म्हणला, पान लागलंय, काय करू? फोनवरची बाई म्हणली, चूळ भरायला लावा, लिंबू-पाणी पाजा, जरा पडू द्या. शिकलेली बाई, तिचं ऐकलं. पाजीत बसलो. जीप मिळाली तवर पोरगं गार झालं व्हतं. लई गुणाचं व्हतं वो माझं.”

साडेचारची एसटी गेली. सूरजने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. पान लागलं, जनावर चावलं, लांबडं, असे सगळे शब्द त्याने सर्पदंशाला जोडले. काम अर्ध्या तासाचंच होतं.

चेतनाने पुन्हा ‘शोधा’वर क्लिक केलं. आता पहिलंच उत्तर बरोबर आलं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून चेतनाने मोठ्याने वाचलं. “रोग्याला हालू देऊ नका. क्षणभरही न थांबता दवाखान्यात न्या.”

गोजरबाई कॉम्प्युटरकडे बघतच राहिली.

“एवढंच सांगायचं व्हतं व्हय?” ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

तपासणीच्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, चूक कोणाची. सूरजने खाली मान घालून तिथे स्वतःचं नाव लिहिलं. चेतनाने त्याच्या हातातलं पेन घेतलं, ते नाव खोडलं आणि आपलं लिहिलं.

“अहो मॅडम, प्रोग्राम माझा आहे.”

चेतना बोलत सूरजशी होती, पण बघत होती गोजरबाईकडे.

“प्रोग्राम तुमचा. तो फोन मी उचलला होता.”